पडद्यावरची हालचालही औषधासारखी मोजून द्यावी



एरवी मी मधुमेह, रक्तदाब, ताप, थायरॉइड अशा विषयांवर लिहिते. आजचा विषय जरा वेगळा आहे. मोबाइलच्या पानावर चित्रं हलवणं, चमकवणं, बोट लावलं की काहीतरी घडवून आणणं, याबद्दल मी लिहिणार आहे. डॉक्टरचा यात काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे, कारण यात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती एका मुलाला भोवता भोवता राहिली.

मुरब्यात 1 जूनला मासेमारी बंद होते. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, जाळी दुरुस्तीला निघतात आणि दवाखान्यात वर्षभर पुढे ढकललेली दुखणी येतात. गुडघे, दात, साखर, रक्तदाब. "आता सवड आहे, बघा एकदा काय ते," असं म्हणत माणसं निवांत बसतात. समजावून सांगायला माझ्यासाठीही हाच काळ बरा असतो.

अशाच एका पावसाळ्यात माझ्या एक जुन्या पेशंट मावशी आल्या. बोईसरच्या बाजारात मासळी विकतात. रक्तदाब 170/100. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, "मावशी, मीठ कमी करा." त्यांनीही नेहमीचं उत्तर दिलं, "डॉक्टरीणबाई, मी वरून मीठ घेतच नाही हो."

त्या खोटं बोलत नव्हत्या. वरून मीठ घेत नव्हत्याच. पण खारवलेला मासा, पापड, लोणचं, फरसाण यांतलं मीठ त्यांच्या हिशोबात धरलेलंच नव्हतं. दहा वर्षं मी हे तोंडी सांगत होते, कागदावर लिहून देत होते आणि तो कागद घरी जाऊन देवाच्या फोटोमागे बसत होता.

मिठाचा चमचा

तेव्हा मला वाटलं, हे दाखवता आलं तर? माझी भाची इंजिनीअरिंगला आहे. पावसाळ्याच्या सुट्टीत ती आली होती. तिच्या मदतीने मी मोबाइलवर उघडेल असं एक पान बनवलं. पानावर एक रिकामा चमचा. खाली पदार्थांची चित्रं. ज्याला बोट लावाल, तो पदार्थ ताटात जातो आणि चमचा तेवढा भरतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलंय, म्हणजे साधारण एक लहान चमचा. त्यावर गेलं की मीठ चमच्याच्या कडेवरून सांडताना दिसतं.

मावशींच्या हातात मोबाइल दिला. त्यांनी सकाळपासून जे खाल्लं होतं त्याला एकेक करून बोट लावलं. दुपारच्या जेवणापर्यंतच मीठ सांडायला लागलं. त्या गप्प झाल्या. मग त्यांनी स्वतःहून पापडाला परत बोट लावून तो काढून टाकला. चमचा थोडा उतरला. लोणचं काढलं, आणखी उतरला. आणि त्यांनी विचारलं, "म्हणजे पापड-लोणचं सोडलं, तर आठवड्यात एखादवेळी खारा मासा चालेल ना?"

दहा वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. माझं सांगणं त्यांच्यापर्यंत उपदेश म्हणून पोचत होतं. बोटाने मीठ घातलं, बोटाने काढलं, तेव्हा तो त्यांचा स्वतःचा हिशोब झाला. पुढच्या महिन्यात त्यांचा रक्तदाब खाली आला होता. गोळीचा वाटा होताच, पण पापडाची बरणी शेजारणीला दिल्याचं त्यांनी मला फार अभिमानाने सांगितलं.

हाडं, कातडी आणि स्नायू

हे कसं चालतं, ते माझ्या भाचीने मला माझ्याच भाषेत समजावलं. कुठल्याही वेबपानाचे तीन भाग असतात. एचटीएमएल म्हणजे हाडं: कुठे मथळा, कुठे चित्र, कुठे परिच्छेद. सीएसएस म्हणजे कातडी आणि कपडे: रंग, आकार, अंतर. आणि जावास्क्रिप्ट म्हणजे स्नायू आणि नसा. बोट लागलं हे कळणं आणि कळल्यावर काहीतरी हलवणं, हे जावास्क्रिप्टचं काम. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये नेटस्केप कंपनीत असताना दहा दिवसांत पहिल्यांदा उभी केली. आज तुम्ही रेल्वेचं तिकीट काढता, वीजबिल भरता, तेव्हा पानामागे हीच भाषा चाललेली असते.

मला नाद लागला. रात्री दवाखाना बंद झाला की मी लॅपटॉप घेऊन बसायची. एखाद्या गोळीने गुण आला की आपले लोक ती शेजाऱ्यालाही देतात, मग पाहुण्यालाही देतात. माझंही तसंच झालं. चमच्याने गुण आला, म्हणून मी सगळ्या पानांना हालचालीचा डोस दिला. मथळे डावीकडून सरकत यायला लागले. बोट फिरवाल तिथे चांदण्या उडायला लागल्या. पान वर सरकवलं की मजकूर एका वेगाने आणि मागचं समुद्राचं चित्र दुसऱ्या वेगाने जायला लागलं. वर कोपऱ्यात लाल रंगात "नवीन" अशी उघडझाप. हा लाल "नवीन" आपल्याकडे इतका रुजलाय, की तो नसेल तर पान जुनं वाटतं!

पहिला इशारा एका निवृत्त गुरुजींनी दिला. त्यांना पूर्वी चक्करेचा त्रास होऊन गेला होता. ते म्हणाले, "मॅडम, तुमचा लेख वाचताना गरगरतं हो." मी रक्तदाब तपासला, साखर बघितली, कान बघितले आणि हसत म्हटलं, "गुरुजी, चष्म्याचा नंबर बदलला असेल." पेशंट स्वतःच्या तोंडाने कारण सांगत होता, आणि पंचवीस वर्षांहून जास्त प्रॅक्टिस झालेली मी ते ऐकत नव्हते.

धडधडणारं हृदय

त्यानंतर मी नाडीवर पान केलं. नाडी किती असली म्हणजे ठीक, हे लोकांना दाखवायचं होतं. पडद्याच्या मध्ये मोठं हृदय, आणि प्रत्येक ठोक्याला अख्खा पडदा लाल होऊन परत पांढरा. खाली पाच बटणं: निवांत बसल्यावर 70, चालताना 100, तापात 110, जिना चढताना 130 आणि धडधडीचा झटका 190. प्रत्येक बटण मी एकेकदा दाबून बघितलं. छान चाललं. लावून टाकलं.

चार दिवसांनी रात्री साडेनऊला फोन आला. बोईसरच्या एका तेरा वर्षांच्या मुलाची आई. मुलाला अपस्मार म्हणजे फिट्सचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत, दोन वर्षांत फिट आलेली नव्हती. तिचा आवाज कापत होता. "मॅडम, तुमचं ते हृदय बघता बघता याचे हात उडायला लागले. मोबाइल हातातून पडला. मी घाबरून दिवा लावला."

लाइट गेलेली, नुकतीच आलेली. खोलीत अंधारच होता. तो आणि त्याचा भाऊ मोबाइल डोळ्यांजवळ धरून सगळी बटणं पटापट दाबत होते. हाताला चार-पाच झटके बसले, मोबाइल पडला आणि तेवढ्यावर थांबलं. पूर्ण फिट आली नाही. मी त्याला कुशीवर झोपवून ठेवायला सांगितलं आणि निघाले. पोचले तेव्हा तो उठून बसला होता आणि माझ्याकडे अपराध्यासारखा बघत होता. त्याला वाटत होतं, त्याने काहीतरी मोडलं.

घरी आल्यावर मी त्याची फाइल काढली. दोन वर्षांपूर्वीच्या ईईजीच्या रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, की चमकत्या प्रकाशाने मेंदूच्या लहरींत बदल दिसतो. ते मी तेव्हा वाचलं होतं. "टीव्ही लांबून बघ, अंधारात बघू नकोस," असं मीच त्याला सांगितलं होतं.

चूक कुठे होती?

भाचीला फोन केला. तिने माझा प्रोग्रॅम वाचला आणि दोन मिनिटांत चूक सापडली. जावास्क्रिप्टमध्ये ठरावीक वेळाने एखादी गोष्ट पुन्हापुन्हा करायची असेल, तर 'सेट इंटरव्हल' नावाची सूचना देतात. ती एकदा दिली की घड्याळ चालू राहतं, आपण 'क्लिअर इंटरव्हल' म्हणून थांबवेपर्यंत. मी प्रत्येक बटणाला नवं घड्याळ सुरू केलं होतं, पण जुनं थांबवलंच नव्हतं. मी एकेक बटण दाबून, पान परत उघडून बघितलं, म्हणून मला ते दिसलं नाही. मुलाने पाचही बटणं लागोपाठ दाबली. पाचही घड्याळं एकदम चालू. 70, 100, 110, 130 आणि 190 यांची बेरीज करा: मिनिटाला 600. म्हणजे सेकंदाला 10 वेळा लाल झोत, तेही डोळ्यांपासून वीतभर अंतरावर, अंधारात. एकेक बटण दोनदा दाबलं असेल तर त्याच्या दुप्पट.

मला ही चूक फार ओळखीची वाटली. वेगवेगळ्या डॉक्टरांकडून येणाऱ्या वयस्क पेशंटच्या पिशवीत मी ती रोज बघते. नवी गोळी सुरू होते, पण जुनी बंद करायला कुणी सांगत नाही. मग रक्तदाबाच्या तीन-तीन गोळ्या एकत्र जाऊन माणूस न्हाणीघरात पडतो. त्यावर मी लोकांना रागावते. तेच मी पडद्यावर केलं होतं.

मेंदूत काय होतं?

आपल्या मेंदूतल्या पेशी विजेच्या बारीक संदेशांनी बोलतात, प्रत्येकीची वेळ वेगळी. बाजारात शंभर माणसं बोलत असतात तसं. फिट येते तेव्हा पुष्कळ पेशी एकदम, एका तालात ओरडायला लागतात. काही जणांच्या मेंदूचा पाहण्याचा भाग इतका संवेदनशील असतो, की बाहेरच्या प्रकाशाच्या तालावर तो ताल धरतो. याला प्रकाशसंवेदी अपस्मार म्हणतात. अपस्मार असलेल्या 100 जणांत साधारण 3 जणांना तो असतो. शाळकरी आणि किशोरवयात जास्त. सेकंदाला साधारण 15 ते 25 वेळा चमकणारा प्रकाश सगळ्यात घातक, पण त्याहून कमी वेगही काहींना पुरतो. गडद लाल रंगाने धोका वाढतो. झोप अपुरी असेल, गोळी चुकली असेल, तर आणखी.

जपानमध्ये 16 डिसेंबर 1997 ला टीव्हीवर 'पोकेमॉन' या कार्टूनचा एक भाग लागला होता. त्यात काही सेकंद लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे 12 वेळा आलटून पालटून चमकला. साडेसहाशेहून जास्त मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यातल्या बऱ्याच जणांना त्याआधी कधीही फिट आलेली नव्हती. म्हणून "आमच्या घरात कुणाला तो आजार नाही" एवढं पुरेसं नसतं.

वेबपानांसाठी याचे नियम ठरलेले आहेत. डब्ल्यूथ्रीसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2008 मध्ये सांगितलं, की पानावरची कुठलीही गोष्ट एका सेकंदात 3 पेक्षा जास्त वेळा चमकू नये. आपोआप सुरू होणारी हालचाल 5 सेकंदांपेक्षा जास्त चालणार असेल, तर ती थांबवायची सोय वाचणाऱ्याच्या हातात हवी. माझं 190 चं बटण, दुसरं काहीही न दाबता, सेकंदाला 3 च्या वर जात होतं. म्हणजे घड्याळांची चूक नसती तरी ते पान चुकीचंच होतं. औषधाचा कमाल डोस छापलेला होता, मी पाकिटावरचं वाचलं नव्हतं.

गुरुजींची चक्कर आणि होडी

त्याच रात्री मला गुरुजी आठवले. चक्कर न येण्यासाठी मेंदू तीन ठिकाणांहून खबर घेतो: डोळे, कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा, आणि पाय-मान यांचे स्नायू. तिघांची खबर जुळली की ठीक. होडीत खाली बसून जाळ्याकडे बघत राहिलात तर कान म्हणतात "हलतोय", डोळे म्हणतात "स्थिर आहोत". भांडण लागलं की मळमळतं. यालाच आपण बोट लागणं म्हणतो. म्हणून जुने तांडेल नवख्याला सांगतात, लांब क्षितिजाकडे बघ.

माझ्या पानावर याच्या उलट होत होतं. गुरुजी खुर्चीत स्थिर, कान म्हणतात "बसलोय", पण डोळ्यांसमोर मजकूर एका वेगाने आणि समुद्र दुसऱ्या वेगाने सरकतोय. गुरुजींना घरच्या खुर्चीत बोट लागत होती! ज्यांना पूर्वी कानाची चक्कर, अर्धशिशी किंवा डोक्याला मार लागून गेलाय, त्यांना हे लवकर होतं. 2013 मध्ये आयफोनमध्ये सरकणाऱ्या, झेपावणाऱ्या चित्रांची नवी पद्धत आली, तेव्हाही अनेकांनी मळमळ आणि चक्करेच्या तक्रारी केल्या होत्या. आज जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये हालचाल कमी करायची सेटिंग असते, आणि पान बनवणाऱ्याला ती सेटिंग वाचताही येते. पेशंटने "मला या औषधाची ॲलर्जी आहे" असं कपाळावर लिहून आणावं, इतकं ते सोपं आहे. फक्त आपण बघायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडण्याआधी मी ते पान काढून टाकलं. चांदण्या गेल्या, सरकता समुद्र गेला, लाल "नवीन" गेलं. आठवडाभराने हृदय परत आणलं ते असं: पान उघडल्यावर हृदय स्थिर. कुणी बटण दाबलं तरच सुरू होतं, आणि "थांबवा" हे सगळ्यात मोठं बटण. पडद्याचा प्रकाश बदलत नाही. छोटं हृदय हळूच फुगतं आणि मिटतं. नवं बटण दाबलं की आधी जुनं घड्याळ बंद. 110 च्या वर हृदय वेग वाढवतच नाही, फक्त आकडा आणि एक ओळ दिसते. फोनमध्ये हालचाल कमी ठेवलेली असेल तर नुसतं चित्र.

मिठाचा चमचा मात्र मी होता तसाच ठेवला. तो आपणहून कधीच हलत नव्हता. मावशींचं बोट हललं, तेवढाच हलत होता.

तुम्ही काय करावं?

- आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग ॲक्सेसिबिलिटी, मग मोशन इथे "रिड्यूस मोशन" चालू करा. अँड्रॉइड फोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीत "रिमूव्ह ॲनिमेशन्स" असा पर्याय असतो. कंपनीनुसार नाव थोडं वेगळं असेल.
- व्हिडिओ आपोआप सुरू होणं बंद ठेवा. अंधारात मोबाइल बघू नका. खोलीत दिवा लावा, पडद्याचा उजेड कमी ठेवा, फोन हातभर लांब धरा.
- पडदा अचानक चमकायला लागला तर एक डोळा पूर्ण तळहाताने झाका आणि तोंड फिरवा. नुसते डोळे मिटून भागत नाही. पापण्यांतून लाल प्रकाश आत जातोच.
- हळदीला, लग्नात डीजेचे उघडझाप करणारे दिवे असतात. घरात फिट्सचा पेशंट असेल तर त्याला दिव्यांसमोर उभं करू नका आणि आयोजकांना ते दिवे बंद करायला निःसंकोच सांगा.
- फिट आलीच तर: कुशीवर झोपवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, पाणी पाजू नका. कांदा, चप्पल हुंगवून काहीही होत नाही, वेळ मात्र जातो. 5 मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता लगेच दुसरी आली, तर 108 ला फोन करा.
- फिटची गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका. रात्रपाळी, जागरण असेल तर डॉक्टरांना सांगा.
- मोबाइल बघताना चक्कर येत असेल तर कुठलं पान, कुठला व्हिडिओ बघताना येते ते लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. डॉक्टर हसले तर परत सांगा.

तो मुलगा पुढच्या तपासणीला आला. मेंदूविकार तज्ज्ञांनी गोळीचा डोस थोडा वाढवला होता, तब्येत उत्तम होती. जाताना दारात थांबून त्याने विचारलं, "मॅडम, मी तुमचं हृदय बिघडवलं का?"

मी म्हटलं, "नाही रे. ते आधीच बिघडलेलं होतं. तू दाखवून दिलंस."

गुरुजींकडे मी स्वतः गेले आणि चष्म्याचे पैसे वाया घालवायला लावल्याबद्दल माफी मागितली. नंबर बदललेला नव्हताच. आता ते प्रत्येक नवा लेख वाचून झाल्यावर मला दोन शब्दांत कळवतात: "गरगरलं नाही."

तुमचंही असंच कळू द्या. इथलं एखादं चित्र डोळ्यांना टोचलं, डोकं जड झालं, तर दवाखान्यात येऊन सांगा. काळजी घ्या.